लव्हॉनने डोळ्यांनी पाहिलेला भाव

…तर तो अर्धा डोनट. काल आपली गाडी तिथेच अडली आणि तुम्ही घड्याळ बघून उठलात. आज मात्र पूर्ण ऐकल्याशिवाय सोडत नाही.

लव्हॉन स्टकी ताटात काही टाकत नाही. फोर्ट हॅनलीच्या पूर्वेला आमची दोन खोल्यांची शाळा होती. तिथे एका बाकावर आम्ही वाढलो, त्यामुळे साठ वर्षं तिला खाताना बघतोय. मक्याचं कणीस खाऊन ठेवलं की त्यावर मुंगीलाही काही सापडू नये! तर अशा बाईने दोन हजार दहाच्या जून महिन्यात, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता, कॉफीच्या दुकानात, साखर लागलेली बोटं पुसली आणि अर्धा डोनट बशीत तसाच ठेवला.

मी म्हटलं, "शिळा आहे काय?"

"डोनट चांगला आहे रे. मलाच घशाखाली जात नाही. सकाळपासून मळमळतंय."

"डॉक्टरकडे नेऊ?"

"डॉक्टर काय करणार? हे वाच." आणि तिने एक घडी घातलेला कागद माझ्याकडे सरकवला.

त्या कागदावर काय होतं ते सांगतो. पण आधी लव्हॉन कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदाने कुणाला मळमळतं होय?

आमच्याकडे धान्याच्या उंच कोठ्या आहेत ना रेल्वेच्या कडेला, तिथल्या वजनकाट्यावर लव्हॉनने एकतीस वर्षं काढली. गव्हाची गाडी काट्यावर चढली, काटा स्थिरावला, की ही खिडकीतून मान बाहेर काढून वजन मोठ्याने ओरडायची. शेतकऱ्याने गाडीतून तेच वजन परत ओरडायचं. तो ओरडेपर्यंत ही कागदावर लिहायची नाही. मग शिक्का, आणि "पुढची गाडी!" ही पद्धत तिच्या बापाची. त्याच्या आधी त्या काट्यावर जो होता तो वजनात काटा मारायचा, तेव्हापासूनची. म्हातारा म्हणायचा, आकडा दोघांच्या तोंडून निघाला की तिसऱ्याला खोटा करता येत नाही.

माझा मेहुणा मोठा मानी. एकदा म्हणाला, मी काय शाळेतलं पोर आहे का पाढे म्हणायला? जा, नाही म्हणत. लव्हॉनने पेन खाली ठेवलं आणि स्वेटर विणायला घेतला. मागे अकरा गाड्या, वर जुलैचं ऊन, पश्चिमेला वादळाचे ढग, आणि सगळ्यांचा गहू उघडा. वीस मिनिटांनी मेहुणा पुटपुटला. लव्हॉन म्हणाली, "मला नाही ऐकू आलं. शेवटच्या गाडीला ऐकू जाईल असं म्हण." शेवटी असा ओरडला, की रेल्वेच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागली! अजून ख्रिसमसच्या जेवणाला आम्ही त्याच्याकडून तो आकडा म्हणून घेतो.

पुढे कोठ्या कुठल्याशा मोठ्या कंपनीने घेतल्या. काट्याला संगणक जोडला. गाडी चढली की चिठ्ठी आपोआप बाहेर येते, माणूस लागत नाही. लव्हॉन घरी बसली. त्याच हिवाळ्यात तिचा नवरा मर्ल एका बाजूने लुळा पडला. त्याला ठेवला गावातल्या शुश्रूषागृहात, ते थेट बाजारसंकुलाच्या मागे. हिचं घर चौदा मैल लांब. तिला अशी नोकरी हवी होती की दुपारी बारा वाजता उठून जाता येईल, कारण मर्ल दुसऱ्या कुणाच्या हातून चमचा घेत नाही. नर्सने भरवलं की तोंड मिटून भिंतीकडे बघतो. तोही हट्टीच.

अशी नोकरी तिला त्याच संकुलातल्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानात मिळाली. काम काय? भाव बघायचे! समोर, गाड्या लावायच्या मैदानापलीकडे, विजेच्या वस्तूंचं मोठं दुकान आहे. रोज सकाळी आणि दुपारी तिथे जायचं, जी वस्तू दोघंही विकतात तिचा भाव बघायचा, माल किती आहे तो बघायचा, परत येऊन तक्त्यावर लिहून खाली सही करायची. तो तक्ता गल्ल्यामागे टांगलेला असतो. मधल्या वेळात मर्लला भरवून यायचं. सहाशे पावलं, तिने मोजली होती. देवाने तिच्यासाठीच ती नोकरी काढली असं आम्ही म्हणायचो.

देव बिचारा कशाला त्यात पडेल!

त्या दोन दुकानांत तेव्हा सगळ्यात चढाओढीची वस्तू म्हणजे ती पाटी. आम्ही म्हातारे तिला पाटीच म्हणतो. विजेवर चालते, तिच्यात पुस्तकं भरतात, वाचायची. यंत्र दोनशे एकोणसाठ डॉलरला. दोन्ही दुकानांत तोच खोका, तीच कंपनी, तोच भाव. बाहेर आपली किती जाहिरात! लव्हॉनला त्या पाटीचं ना प्रेम ना राग. "वजनात हलकी आहे," एवढंच म्हणाली होती. तिच्या तोंडून ही मोठीच स्तुती.

आता आर्लीन. आर्लीन फुल्ट्झने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना जेवू घातलं. हल्ली तिच्या डोळ्यांत मधोमध धुकं बसलंय, कडेकडेने दिसतं तेवढंच. आणि बाईला वाचायचं भयंकर वेड. वाचनालयातलं मोठ्या अक्षरांचं कपाट तिने दोनदा संपवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली तर खुनी कोण हे पहिल्या पानावरच आठवायला लागलं. बारा जूनच्या शनिवारी मी तिला गाडीने दुकानात नेलं. लव्हॉनने ती पाटी हातात दिली आणि अक्षर मोठं केलं. मग आणखी मोठं. आर्लीन पाटी नाकाशी धरून उभी. एकदम म्हणाली, "अगं, पूर्णविराम दिसतोय! मला पूर्णविराम दिसतोय!"

घ्यायची तर होती. पण आर्लीन काटकसरी. "लव्हॉन, भाव उतरेल का गं? थांबू का?"

लव्हॉनला काय माहीत? तिने व्यवस्थापकाला विचारलं. क्रेग पेलफ्री त्याचं नाव. पस्तिशीतला असेल, गळ्यात ओळखपत्र, हसू नेहमी तयार. म्हणाला, "ख्रिसमसपर्यंत शक्यच नाही, मिसेस स्टकी. कंपनीने कळवलंय."

आणि लव्हॉनने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडचा आकडा पुढे दिला. "ख्रिसमसपर्यंत नाही उतरणार गं." आर्लीनने दोनशे एकोणसाठ मोजले आणि घरी जाताना गाडीत पाटी मांडीवर अशी धरली, जशी नातवाला धरावी.

मग आला एकवीसचा सोमवार.

सकाळी लव्हॉन समोर गेली, तर पाटीवर चिठ्ठी एकशे नव्व्याण्णवची! तिने चष्मा पुसला. परत बघितलं. येऊन लिहिलं. क्रेगने वर फोन केला, अर्ध्या तासात आपल्या खोक्यावर एकशे एकोणनव्वद लावले. तेवढ्यात समोरून डुएन आला. डुएन ओबरमायर, शाळेची बस चालवायचा, थोडी शेतीही करायचा, आता समोरच्या दुकानासाठी लव्हॉनचंच काम करतो. त्याने एकशे एकोणनव्वद बघितले, गेला. तिकडे एकशे एकोणऐंशी झाले. लव्हॉन गेली, बघून आली. इकडे एकशे एकोणसत्तर. दिवसभर ही दोन म्हातारी माणसं भर उन्हात मैदान ओलांडतायत, आणि मध्ये दिव्याच्या खांबापाशी भेटतायत. पाचव्यांदा भेटले तेव्हा डुएन खांबाला टेकला.

"लव्हॉन, माझे गुडघे गेले. आपण या खांबापाशीच बसू. तू मला तुझा सांग, मी तुला माझा सांगतो."

"तू सांगितलेला आकडा मी लिहीत नाही."

"मी काय खोटं बोलतो?"

"ते मला कसं कळणार, डुएन? मी बघितलेलं नाही."

"एकतीस वर्षं मी तुझ्या काट्यावर आलो बाई!"

"आणि एकतीस वर्षं वजन तुझ्याकडून म्हणून घेतलं. चल, ऊठ."

आम्हाला पहिल्या दिवशी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. कॉफीच्या दुकानात बसून आम्ही खिडकीतून बघायचो, आता कोण निघालं. पण दुसऱ्या दिवशी मला त्याची किळस यायला लागली. गव्हाचा भाव पडतो, तेव्हा आभाळाकडे बोट दाखवता येतं. कुठे पाऊस जास्त झाला, कुठे पीक दुप्पट आलं. या पाटीवर कुठलं आभाळ कोसळलं? शनिवारी जी दोनशे एकोणसाठची होती तिच्यात मंगळवारी काय कमी झालं? एक स्क्रू? म्हणजे आधीचा भाव हीच थाप होती, किंवा नंतरचा तरी. डुएनच मला म्हणाला, "अरे, पाटी ते तोट्यात विकतात. एकदा ती तुझ्या घरात आली की पुस्तकं त्यांच्याचकडून घ्यायची. दुसऱ्या दुकानाचं पुस्तक त्यात उघडतच नाही. आणि पाटी उतरायला लागली त्याच उन्हाळ्यात पुस्तक दहाचं तेरा झालं, बघितलंस?" म्हणजे गाय जवळजवळ फुकट देतात, पण चारा त्यांच्याच गोठ्यातून घ्यायचा, आणि चारा महाग! आमच्या लहानपणी असं करणाऱ्याला जत्रेतून हाकलून लावायचे.

बुधवारी समोरच्या दुकानाने एकशे एकोणपन्नास लावले. पुस्तकवाल्यांना वरून फोन आला: पुरे, मागे या. आणि काय केलं असेल? खोक्यावर परत दोनशे एकोणसाठची चिठ्ठी! एका रात्रीत. जणू मधले दोन दिवस झालेच नाहीत.

पण पुस्तकांच्या दुकानात दारावरच एक फलक होता, हाताएवढ्या अक्षरांत. चौदा दिवसांच्या आत हीच वस्तू गावात कुठेही स्वस्त दिसली तर फरक परत. खाली बारीक अक्षरांत: त्या दुकानात माल शिल्लक असेल तर. माल आहे की नाही हे कशावरून ठरायचं? लव्हॉनच्या त्या दिवशीच्या तक्त्यावरून. लोकांनी येऊन सांगितलेलं चालत नव्हतं, छायाचित्रसुद्धा चालत नव्हतं. कागद खरा. आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत पावत्या घेऊन लोकांची रांग लागली होती.

तर गुरुवारी सकाळी लव्हॉन समोरून जाऊन आली आणि क्रेगने तिच्या हातात हा कागद ठेवला. तक्ताच, पण आधीच छापून काढलेला. पाटी: एकशे एकोणपन्नास. शिल्लक: माल नाही. खाली रेघ, सहीसाठी.

लव्हॉन म्हणाली, "क्रेग, अरे तिथे सहा खोके आहेत. मी आत्ता मोजून आले."

"मिसेस स्टकी, ते राखीव असतील. कुणाच्या नावाचे."

"नाव लिहिलेलं नव्हतं त्यांच्यावर."

"हे बघा, हे माझ्या हातात नाही. वरून आलंय. आठवडाभराचा प्रश्न आहे फक्त, मग त्या लोकांचे चौदा दिवस संपतील." मग त्याने आवाज खाली आणला. अगदी आपुलकीने म्हणाला, बरं का. "दुपारी बाराची सुट्टी मी तुम्हाला कुणाला न विचारता दिली ना? मीसुद्धा सांभाळून घेतोच की. अकराला गल्ला उघडेल, त्याआधी सही करून लावा."

कागद वाचून मी डोनटच्या बशीकडे बघितलं. मलाही माझा संपवावासा वाटेना.

डुएन शेजारच्याच टेबलावर होता, त्याने मान लांब करून वाचलंच. म्हणाला, "कर की सही. एवढं काय? आमच्याही दारावर तसाच फलक आहे, मंगळवारी मला त्यांनी तेच सांगितलं. तुमच्या दुकानात चाळीस खोके दिसत होते, मी लिहिलं शून्य."

लव्हॉनने त्याच्याकडे बघितलं. चपलेखाली काही आलं की आपण बघतो ना, तसं.

"शून्य लिहिलंस?"

"मग काय करू? या वयात मला दुसरं कोण ठेवणार आहे? आणि कुणाचं काय गेलं? लोकांनी पाटी स्वखुशीने घेतली होती."

"डुएन, तुझ्या बसमधून माझी दोन्ही पोरं गेली. रोज उतरताना तू डोकी मोजायचास. अठ्ठावीस चढली तर अठ्ठावीस उतरली की नाही ते बघायचास. तेव्हा शून्य लिहिलं असतंस?"

"ती पोरं होती. हे खोके आहेत."

"मोजणारा तोच आहे ना?"

डुएनने आणखी कॉफी मागवली. मी हळूच म्हटलं, "लव्हॉन, मर्लचं काय?" कुणीतरी विचारायलाच हवं होतं. नोकरी गेली तर चौदा मैल येणं, चौदा मैल जाणं, रोजच्या रोज, त्या जुन्या गाडीला आणि तिच्या पेन्शनीला झेपणारं नव्हतं. ती कागदाची घडी घालत होती. नखाने दाबून दाबून.

"मला काल रात्रीपासून कसली शिसारी येतेय सांगू? क्रेगची नाही. तो बिचारा पट्ट्याला बांधलेला आहे. मी आर्लीनला सांगितलं, ख्रिसमसपर्यंत उतरणार नाही. मी सांगितलं! न बघितलेला आकडा. ती माझं तोंड बघून पैसे देऊन गेली. एकतीस वर्षांत असं केलं नव्हतं." मग उठली. "आणि आता हे."

अकरा वाजता मी आर्लीनला घेऊन दुकानात गेलो. तिचा बारावा दिवस होता. रांगेत आमच्या पुढे सात जण, मागे तेवढेच. आर्लीनच्या हातात पावती, पिशवीत पाटी. पाटी परत करायची नव्हती हं तिला. ती म्हणत होती, पाटी आता कबरीतच येईल माझ्याबरोबर, पण एकशे दहा डॉलर म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या तेलाचा अर्धा महिना. गल्ल्यामागे तक्ता अजून लागलेला नव्हता. लव्हॉन बाजूला उभी, कागद हातात, आणि कागदावर सही नाही. मला तेवढं दिसत होतं.

क्रेगलाही दिसलं असणार. पण रांग वाढत होती, आणि त्याला वाटलं असेल, चारचौघांत ही म्हातारी काय बोलणार? तो ते तयार हसू लावून पुढे आला. पहिल्या माणसाला म्हणाला, "माफ करा, समोर मालच उरलेला नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे फरक देता येत नाही."

रांगेत कुरबुर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "मी आत्ता खोके बघून आलो!"

"असेल साहेब. पण आम्ही आमच्या माणसाची पाहणीच धरतो."

तेव्हा आर्लीन माझा हात सोडून दोन पावलं पुढे झाली. तिला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून मान तिरपी करून, कडेच्या डोळ्याने बघत म्हणाली, "लव्हॉन, तू आहेस ना गं तिथे? तू गेली होतीस का बघायला?"

लव्हॉनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी मर्लचा विचार करत होतो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, पन्नास मिनिटांनी तो दाराकडे बघायला लागणार होता.

क्रेग वळला. हसू अजून होतं, पण आता ते चेहऱ्यावर नुसतं टांगलेलं. "मिसेस स्टकी, या बाईंना सांगा बरं तुमच्या कागदावर काय आहे. एकदाच सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल."

लव्हॉनने कागद गल्ल्यावर पालथा ठेवला. वजनकाट्याची खिडकी समोर असावी तशी मान पुढे काढली. एकतीस वर्षं शेवटच्या गाडीपर्यंत पोचलेला तो आवाज मी पाच वर्षांनी ऐकला. सगळं दुकान वर बघायला लागलं, पार मागच्या पाककृतींच्या कपाटापर्यंत. ती म्हणाली:

"कागदावरचं क्रेगने छापलंय, ते त्याला विचारा. मी डोळ्यांनी बघितलं ते सांगते. एकशे एकोणपन्नास! काळे खोके, दारातून तिसरी फळी, सहा नग! आर्लीन, हे मोठ्याने परत म्हण, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. क्रेग, मग तूही म्हण. तोवर पुढची गाडी मी घेणार नाही."